पंप बोलत नाही

जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवणं हा गुन्हा आहे असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. मी विचारून आलो आहे. तरीही वारज्यातल्या आमच्या सोसायटीत लोक माझ्याकडे जामिनावर सुटलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर पुढेपुढे मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

झालं ते एवढंच. पूर्णिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, समुद्रकाठी जागं व्हायचं होतं. हॉटेलात उठून, आवरून, चप्पल घालून समुद्र बघायला जायचं, असं नाही. डोळे उघडले, दार सरकवलं, की समोर समुद्र. आयुष्यभर शाळेच्या सहलींत पोरांची डोकी मोजत फिरल्यामुळे तिला शिट्टीवर चालणाऱ्या प्रवासाचा वीट आला होता. मी म्हटलं, "निवृत्त झालो की नेतो. दारच घेऊन जाऊ समुद्रावर." हे वाक्य मी चारचौघांत बोललो, ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे ते खरं करायला निघालो.

व्हॅन जुनी होती पण चेहऱ्यानं सज्जन वाटली. वाघोलीला टेम्पोच्या बॉड्या बांधणारे ज्ञानदेव मिस्त्री आहेत, त्यांनी तिच्या मागच्या सीटा काढून पलंग बसवला, ओटा केला, खिडक्यांना पडदे लावले. वायरिंग दाखवा म्हटलं तर म्हणाले, "चालती ना? मग हाय ना बरोबर." मीही फार ताणलं नाही. मी स्वतः टेलिफोन खात्यात फॉल्ट सेक्शनला होतो. अर्ध्या शहराचे मुके झालेले फोन मी बोलते केले आहेत. पुढे लोकांच्या खिशात मोबाईल आले आणि आमच्या खात्यालाच कोणी फोन करेना, हा भाग वेगळा. पण तार म्हटली की मला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती.

आता या गाडीचा स्वभाव सांगतो. तिच्या पेट्रोलच्या टाकीत विजेवर चालणारा एक पंप बुडवलेला असतो. किल्ली अर्धी फिरवली की तो दोन क्षण 'घूंऽऽ' करतो आणि पेट्रोल पुढे पाठवतो. आवाज आला तर गाडी चालू होते. नाही आला तर स्टार्टर कितीही खोकला तरी उपयोग नाही. आमचा पंप मुका नव्हता. त्याला वाटलं तर तो बोलायचा, नाही वाटलं तर नाही. अशी माणसं मी खात्यात पुष्कळ पाहिली होती, पण त्यांना निदान वेतनवाढ रोखायची भीती घालता यायची.

गाडी घरी आली त्या दिवशी सगळी सोसायटी खाली उतरली. पूर्णिमानं ओवाळलं, हार घातला आणि नारळ फोडायला जागा बघू लागली. आमचं पार्किंग नुकतंच फरशी घालून गुळगुळीत केलेलं, तिथे नारळ फोडायला सेक्रेटरींची बंदी. सेक्रेटरी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे बद्रीनाथराव. यवतमाळकडचे. माणूस मनानं चांगला, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनीच गाडीच्या समोर, बंपरखाली असलेला जाडजूड लोखंडी हूक दाखवला. "हे पहा नं वहिनी, देवानंच दिलं. यावर हाणा." पूर्णिमानं हाणला. नारळ एका फटक्यात फुटला, पाणी हुकावरून खाली ओघळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी किल्ली फिरवली, पंप बोलला, आणि आम्ही कालव्यापर्यंत एक चक्कर मारून आलो.

दुसऱ्या दिवशी पंप बोलला नाही.

मी नाना पेठेतल्या आफताबभाईंना बोलावलं. त्यांच्या आजोबांपासून गाड्यांच्या वायरिंगचा धंदा. त्यांनी टाकीजवळ टेस्ट लॅम्प लावला, दिवा लख्ख पेटला. "करंट तर येतोय साहेब," म्हणाले. मग पुढे जाऊन रिले नावाची एक काळी डबी बदलली, खाली झोपून हाताला लागतील त्या सगळ्या वायरी खेचून पाहिल्या, आणि किल्ली फिरवली. घूंऽऽ. आफताबभाई म्हणाले, "माझ्या हातनं गेलेली गाडी परत येत नाही." मला त्यांचा हेवा वाटला. असं एक वाक्य बोलता यावं म्हणून मी नोकरीभर झुरलो होतो.

गाडी सुरू झाली म्हटल्यावर बद्रीनाथराव खाली आले. त्यांनी निदान केलं. "तुम्ही एक नारळ फोडला तो गाडीचा झाला. घराचा कुठं झाला? ही घरगाडी आहे नं तुमची. दोन पाहिजेत." यात तर्क नाही असं कोण म्हणेल? पूर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला बरं वाटेल तर वाटू दे, असा विचार करून मी मान डोलावली. हुकावर दोन नारळ फुटले. आफताबभाईंनी खोबरं आवडीनं खाल्लं.

दोन दिवसांनी मंडईत भाजी घेऊन परत निघालो आणि पंप गप्प. गाडी चढणीवर नव्हती, रस्ता मोकळा नव्हता, आणि मी टोपी घातली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना चेहरा नीट दिसला. मागे बस, तिच्या मागे रिक्षा, बाजूला हवालदार. एका गृहस्थांनी खिडकीतून आत वाकून पलंग, पडदे आणि ओटा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "इथेच राहणार का आपण?" पुण्यात जन्म काढूनही मला यावर उत्तर सुचलं नाही. पूर्णिमा मात्र म्हणाली, "नाही, दुपारी जरा पडू म्हटलं." शेवटी पाच-सहा जणांनी ढकलून गाडी कडेला घेतली, त्या धक्क्यांत पंपाला काय वाटलं कोण जाणे, तो बोलला, आणि आम्ही घरी आलो. घरी येऊन तो पुन्हा गप्प झाला. मी त्या दिवशी जेवलो नाही.

इकडे सोसायटीच्या फलकावर सूचना लागली. 'पार्किंगच्या जागेत वाहन उभे करावे. राहावयाचे असल्यास मेंटेनन्स भरावा.' नाव नव्हतं. पण सोसायटीत पडदे असलेलं वाहन एकच होतं. मी बद्रीनाथरावांकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, ते समितीचं काम आहे, मी फक्त सही केली. तुम्ही माझं ऐका, गाडीला पाच फोडा."

आफताबभाई दुसऱ्यांदा आले तेव्हा पूर्वीइतके बोलत नव्हते. पुन्हा टेस्ट लॅम्प, पुन्हा लख्ख दिवा. "साहेब, करंट पंपापर्यंत येतोय आणि पंप बोलत नाही. म्हणजे पंपच गेला." पंप काढायचा तर टाकी उतरवायची. टाकी उतरवायची तर पलंग काढायचा. पलंग काढायचा तर ओटा. माझं घर पार्किंगमध्ये तुकड्यातुकड्यांनी मांडलं गेलं, आणि येणारेजाणारे ते सामानाची बांधाबांध असल्यासारखं बघत होते. दुसऱ्या विंगमधल्या एका बाईंनी हळहळून पूर्णिमाला विचारलंसुद्धा, "जागा सोडताय का?"

नवा पंप बसला. आफताबभाईंनी बॅटरीपासून टाकीपर्यंत सगळ्या वायरी पुन्हा हलवून पाहिल्या. घूंऽऽ. या वेळी आवाज इतका ठणठणीत होता की मला गहिवरून आलं. आफताबभाई म्हणाले, "आता काही प्रश्न नाही." पण 'परत येत नाही' असं म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

गाडीत बदल केला की त्याची सरकारदरबारी नोंद करून घ्यावी लागते. ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही परिवहन कार्यालयात निघालो. बद्रीनाथरावांनी पाच नारळ स्वतः मंडईतून आणले होते. पाचही फुटले. हुकाखाली पाण्याचं तळं झालं.

तिथल्या निरीक्षक बाई कर्तव्यदक्ष होत्या. त्यांनी आत डोकावून कागद पाहिले. "नोंद पाच माणसांची आहे. मला सीट दोनच दिसतात. बाकीची तीन माणसं कुठे बसणार?"

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.

"मी गाडीबद्दल विचारतेय. हा पलंग म्हणजे किती आसनं धरायची?"

"तो झोपायला आहे."

"झोपलेला माणूस आसनात धरत नाहीत. आणि ओट्यावर काय करणार?"

"चहा."

"विकणार?"

"पिणार," पूर्णिमा म्हणाली.

बाईंनी थोडा विचार केला. मला वाटतं, आमच्या वयाची त्यांना दया आली. म्हणाल्या, "ठीक आहे, दोन आसनी म्हणून लिहिते. गाडी चालू करून त्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत घ्या."

मी किल्ली फिरवली. पंप बोलला नाही. पुन्हा फिरवली. मागच्या रांगेत एक शाळेची बस, दोन टेम्पो आणि लग्नासाठी नटवल्यासारखी एक कोरी गाडी. सगळ्यांनी हॉर्न दिले. बाईंनी हातातला कागद अलगद फाईलमध्ये परत ठेवला. "चालत असेल तेव्हा आणा," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला फार लागलं. आम्ही टो करून घरी आलो. टो करायला त्याच हुकाला दोर बांधला होता, आणि निघण्याआधी पूर्णिमानं मागचे सगळे पडदे ओढून घेतले होते.

त्या दिवशी आफताबभाईंनी फोनवर सांगितलं, "साहेब, मी तुमचं काम नाही करत आता. लोक मला विचारतात, ती पडद्यांची गाडी तुमच्याकडेच असते ना. घरात मेहजबीनसुद्धा विचारते." मेहजबीन म्हणजे त्यांची बायको. माझ्या घरातही तेच चालू होतं.

आमचा मुलगा तेजस हिंजवडीला आयटीत आहे. त्यानं ऑफिसातून वेळ काढून फोन केला. "पप्पा, आधी इश्यू रिप्रोड्यूस करा."

"तो आपोआप होतो."

"मग रूट कॉज शोधा. पॅनिक होऊ नका. गाडी चालू असते, मग बंद पडते. बरोबर? बंद पडायच्या आधी सिस्टिममध्ये शेवटचा चेंज काय केला होता?"

"काही नाही रे. सगळं नीट चाललेलं असतं, आम्ही नारळ फोडतो, आणि मग बंद पडते."

"नारळ सोडून सांगा, पप्पा. टेक्निकल सांगा."

टेक्निकल काहीच नव्हतं. आम्ही दोघांनी फोन ठेवला.

आता विमलाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या बद्रीनाथरावांच्या सौभाग्यवती. त्या दर वर्षी सोसायटीतल्या बायकांना घेऊन बसनं कोकणात जातात. शिट्टी, टोप्या, पहाटे पाचला सामान दाराबाहेर, असा कारभार. बसमध्ये एक जागा उरली होती. शुक्रवारी संध्याकाळी त्या दारात आल्या आणि पूर्णिमाला म्हणाल्या, "वहिनी, समुद्र तोच आहे नं. गाडीची वाट पाहत किती दिवस बसता? उद्या सकाळी मला सांगून टाका, नाहीतर जागा देऊन टाकते." पूर्णिमा म्हणाली, "सकाळी सांगते."

ती 'नाही' म्हणाली नाही. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. ती बसनं गेली असती तर समुद्र पाहून, खरेदी करून, हसतमुखानं परत आली असती. मला एका शब्दानं बोलली नसती. पण त्यानंतर तिनं मला पुन्हा कधी काही मागितलं नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

शनिवारी उजाडताच मी मल्टीमीटर घेऊन खाली गेलो. काय शोधायचं हे माहीत नव्हतं. गाडीसमोर उकिडवा बसलो आणि तेजसचा प्रश्न डोक्यात फिरायला लागला. शेवटचा बदल काय? नारळ. त्याच्या आधी? नारळ. त्याच्याही आधी? मी हुकाकडे पाहिलं. हुकाच्या शेजारी एक बोल्ट होता, आणि त्या बोल्टवर हिरवट-पांढरी बुरशी चढावी तसं काहीतरी चढलं होतं. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. बोल्टखाली एक काळी वायर दाबलेली. ती कुठे जाते म्हणून मी माग काढत गेलो. चटईखालून, ओट्याखालून, पलंगाखालून ती थेट टाकीत, पंपापाशी.

पंपाची अर्थिंग. वीज पंपात जाते तशी ती परतही यावी लागते. तिची परतीची वाट ज्ञानदेव मिस्त्रींनी मागे अडचण झाली म्हणून पुढे आणली होती आणि हुकाशेजारच्या बोल्टला बांधली होती. आम्ही दर वेळी त्या बोल्टशेजारी फटका हाणत होतो आणि वर गोड पाणी ओतत होतो. बोल्ट सैल व्हायचा, गंजायचा, वाट बंद व्हायची. आफताबभाई वायरी खेचायचे, लोक गाडी ढकलायचे, तेवढ्यापुरता तो चिकटायचा. मग आनंदाच्या भरात आम्ही पुन्हा नारळ फोडायचो. आफताबभाईंचा दिवा पेटायचा कारण त्याची परतीची वायर ते स्वच्छ पत्र्याला लावायचे. आणि टेलिफोन खात्यात नव्या पोरांना 'आधी अर्थ बघा रे' असं बजावणारा मी, शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

मी बोल्ट घासला, आवळला, किल्ली फिरवली. घूंऽऽ. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एक चांगला पंप, एक चांगला रिले आणि एका चांगल्या माणसाची अब्रू आम्ही नारळानं मारली होती, आणि हे आता पूर्णिमाला सांगायचं कसं? तिनं दर वेळी डोळे मिटून, हात जोडून, मनापासून नारळ वाढवला होता. तुझ्या पूजेनं गाडी बंद पडत होती, असं कोणत्या तोंडानं म्हणू? त्यापेक्षा तार हलवणं सोपं. मी ड्रायव्हरच्या सीटखाली पत्रा घासून अर्थिंग तिथे बांधली आणि हुकाशेजारचा बोल्ट मोकळा ठेवला. आता हवे तेवढे फोडा.

वर जाऊन म्हटलं, "चल. आजच निघू." पूर्णिमानं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता विमलाबाईंच्या दारात जाऊन नको म्हणून आली.

बद्रीनाथरावांना ही बातमी अर्थातच घरबसल्या कळली. आम्ही सामान भरेपर्यंत ते पिशवीभर नारळ घेऊन हजर. "या वेळी अकरा. जोखीम घ्यायची नाही." अकरा नारळ हुकावर फुटले. मी सीटवर बसून प्रत्येक फटका मोजला. मग किल्ली फिरवली, पंप बोलला, गाडी सुरू झाली, आणि बद्रीनाथरावांनी सगळ्यांकडे वळून म्हटलं, "मी कधीचा सांगून राहिलो होतो. आधीच अकरा फोडले असते तर हे इतके हाल झाले नसते." लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं. माझ्या पाठीवर कोणीतरी थोपटलं, धीर देतात तसं.

पौड मागे पडलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं, गाडी कुरकुरली नाही. पूर्णिमा म्हणाली, "आता सांगा. काय होतं?"

"कशाचं काय?"

"सकाळी सीट उचलून पालथे पडला होतात. मी गॅलरीतून बघितलं. नारळ फुटायच्या आधीच पंप बोलला. मला वर ऐकू आला."

मग मी सगळं सांगितलं. बोल्ट, बुरशी, मुंग्या, गोड पाणी. तिनं सगळं ऐकून विचारलं, "मग हे सकाळीच का नाही सांगितलंत? आणखी अकरा कशाला फोडू दिलेत?"

"तुझी श्रद्धा आहे. म्हटलं, कशाला मोडा."

"माझी?" तिनं पूर्ण वळून माझ्याकडे पाहिलं. "अहो, वाकून नारळ फोडला की दोन दिवस माझा गुडघा धरतो. मंडईतून आलो त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. नंतर नारळ फोडताना तेवढा तुमचा चेहरा जरा उजळायचा. म्हटलं, यांना धीर येतोय ना, मग फोडू. मला वाटलं, श्रद्धा तुमची आहे."

मी गाडी कडेला घेतली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बद्रीनाथराव. "चालतेय नं?"

"हो, उत्तम," पूर्णिमा म्हणाली. "अकरा नारळ बरोबर लागू पडले." फोन ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "असू दे. त्यांना वाईट वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पडल्यापडल्याच दार सरकवलं. समोर समुद्र होता. ओहोटीची वेळ, वाळूत कोणी नव्हतं. ती कोपरावर डोकं टेकून पुष्कळ वेळ बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. तिला पाहिजे ते अगदी तसंच्या तसं मिळालं होतं, आणि ते मी दिलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली नाही.

मग ती समुद्रावरची नजर न काढता हळू आवाजात म्हणाली, "अहो, एकदा किल्ली फिरवून बघता का? बोलतोय ना तो?"

मी उठून पुढे गेलो आणि किल्ली फिरवली. बोलला. मग तिनं चहा टाकला.